नर्सिंगचा अभ्यास : ‘सोपा’ म्हणून मागे राहिलेला धडा

कुरार, आप्पापाडा, मालवणी अशा मालाडच्या वस्त्यांतून ज्या मुली नर्सिंगला जातात, त्यांच्या अभ्यासाची एक ठरलेली रीत असते. शरीररचना पाठ, आजारांची लक्षणे पाठ, औषधांचे डोस पाठ. नीतिमत्ता, कायदा आणि व्यवस्थापन हा भाग मात्र “तो काय, सोपा आहे, शेवटी वाचू” म्हणून बाजूला राहतो. परीक्षेत मग याच भागात गुण जातात. मुलगी घरी येऊन सांगते, “चारही उत्तरे बरोबरच वाटत होती.”

तिचे खरे असते. या प्रश्नांत चारही उत्तरे चांगलीच दिसतात. विचारलेले असते ते हे, की प्रथम काय करावे आणि ते कोणी करावे. त्यामुळे पाठांतर इथे फारसे कामाला येत नाही. भगिनींनो, या सदरातून आज या एकाच भागाविषयी बोलू.

कोणत्या परीक्षेत हे येते?

आपल्याकडे जी. एन. एम. किंवा बी. एस्सी. नर्सिंग मान्यताप्राप्त संस्थेतून उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि काम करण्याचा अधिकार मिळतो. जी. एन. एम.च्या तिसऱ्या वर्षाला व्यवसायाची नीती आणि वॉर्डचे व्यवस्थापन हे विषयच आहेत. सरकारी भरतीच्या आणि ‘एम्स’च्या परीक्षांतही त्यावर प्रश्न येतात.

परदेशी जायचे असेल तर तिथला परवाना देणारी वेगळी परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेसाठी ‘एनक्लेक्स-आरएन’ आहे. ही परीक्षा संगणकावर होते, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. २०२३ च्या आराखड्यात त्यातले १५ ते २१ टक्के प्रश्न एकट्या ‘रुग्णसेवेचे व्यवस्थापन’ या भागासाठी ठेवले होते. संमती, गुप्तता, कामाची वाटणी, कोणाकडे आधी जायचे, हे सारे त्यातच येते. सांगायचे तात्पर्य, हा धडा सोडला तर जवळजवळ पाचवा हिस्सा पेपर सोडल्यासारखे होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. परीक्षा ज्या देशाची, कायदा त्या देशाचा. इथे भारतीय कायदे येतील, तिथे तिथले. नीतीची तत्त्वे मात्र सगळीकडे सारखीच आहेत : रुग्णाच्या इच्छेचा मान, त्याचे हित, त्याला अपाय न करणे आणि न्याय. न्याय म्हणजे जात, धर्म, पैसा किंवा राहण्याचा पत्ता पाहून शुश्रूषा कमीजास्त न करणे.

असा प्रश्न समोर आला की स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात : निर्णय कोणाचा? काम कोणाचे? आत्ता जीव कोणाचा धोक्यात? बहुतेक उत्तरे यातून सुटतात.

निर्णय कोणाचा?

हा नमुना पाहा. एका विवाहित स्त्रीचे उद्या ऑपरेशन आहे. ती सिस्टरला म्हणते, “काय काढणार आहेत ते मला नीट समजले नाही.” नवरा म्हणतो, “तिला काय कळते, मी सही करतो.” परिचारिकेने प्रथम काय करावे? (१) ऑपरेशन स्वतः समजावून सांगावे (२) नवऱ्याची सही घ्यावी (३) डॉक्टरांना कळवावे (४) तिला धीर देऊन सही घ्यावी.

उत्तर तिसरे. ऑपरेशन, त्याचे धोके आणि दुसरे पर्याय समजावण्याचे काम डॉक्टरांचे. परिचारिका सहीची साक्षीदार असते आणि रुग्णाला समजले आहे की नाही यावर तिचे लक्ष असावे लागते. शंका दिसली की डॉक्टरांना बोलवायचे. पहिल्या पर्यायात सिस्टर डॉक्टरांचे काम अंगावर घेते, चौथ्यात न समजलेल्या कागदावर सही घेते.

आणि नवऱ्याची सही? सज्ञान, शुद्धीवर असलेल्या स्त्रीचा निर्णय तिचाच असतो. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईच्या आईची परवानगी घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय काढले होते. जिवाला तातडीचा धोका नव्हता. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आईची संमती इथे चालणार नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची मागितलेली नाही. आपल्या घरांतील बायकांनीही हे जाणून घ्यावे.

उलट, जीव जाण्याची वेळ असेल तर कागदासाठी थांबायचे नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अपघाताच्या रुग्णाला पोलिसांच्या सोपस्कारांसाठी ताटकळत ठेवता येत नाही, आधी उपचार.

गुप्तता हीसुद्धा निर्णयाचीच गोष्ट. वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात. शेजारीण विचारते, “अगं, ती समोरची तुमच्याच हॉस्पिटलात आहे ना? काय झालंय तिला?” परीक्षेत हाच प्रश्न नातेवाईक, पत्रकार किंवा दुसऱ्या वॉर्डातील मैत्रीण यांच्या तोंडी येतो. उत्तर एकच, रुग्णाच्या परवानगीशिवाय सांगायचे नाही. एच. आय. व्ही.बाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे. पण गुप्ततेलाही मर्यादा आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे “आईने सांगू नका म्हटले” हे कारण चालत नाही.

के. ई. एम.च्या परिचारिकांचा धडा

रुग्णाला बोलताच येत नसेल तर निर्णय कोणाचा? याचे उत्तर शिकवणारा खटला आपल्या मुंबईतलाच आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी पूर्ण भानावर आल्या नाहीत. पुढची ४१ वर्षे त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांना भरवले, पुसले, कुशीवर वळवले. इतकी वर्षे अंथरुणावर काढूनही त्यांना जखमा होऊ दिल्या नाहीत. नर्सिंग म्हणजे काय, याचे यापेक्षा मोठे उत्तर नाही.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणांना शांतपणे जाऊ द्यावे अशी याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना रोज सांभाळणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात, काही परिस्थितींत जगवून ठेवणारे उपचार थांबवता येतील, हा मार्गही खुला झाला. अरुणा शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. २०१८ साली न्यायालयाने माणसाने आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली आणि २०२३ साली तिची पद्धत सोपी केली. परीक्षेसाठी फरक लक्षात ठेवावा : व्यर्थ ठरलेले उपचार ठरलेल्या रीतीने थांबवणे कायद्याला मान्य आहे, औषध देऊन जीव घेणे मान्य नाही.

या घटनेची दुसरी बाजूही अभ्यासात आहे. परिचारिकेलाही सुरक्षित जागी काम करण्याचा हक्क आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. मुलीने नोकरी धरली की पहिल्याच आठवड्यात समितीत कोण आहे ते विचारून घ्यावे.

काम कोणाचे?

दुसरा नमुना. सिस्टरच्या हाताखाली एक मावशी आहे. कोणते काम मावशीला सांगता येईल? (१) अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होणाऱ्या आजोबांना पहिल्यांदा भरवणे (२) ऑपरेशननंतर पहिल्यांदाच उठणाऱ्या बाईला चालवणे (३) प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाचे अंग पुसणे (४) घरी जाणाऱ्या रुग्णाला इन्सुलिन शिकवणे.

उत्तर तिसरे. जिथे रुग्णाला पाहून अंदाज घ्यायचा असतो, शिकवायचे असते, बदल ओळखायचा असतो, ते काम परिचारिकेचे. ते दुसऱ्यावर टाकता येत नाही. काम सोपवताना पाच गोष्टी पाहायच्या : काम योग्य, परिस्थिती योग्य, माणूस योग्य, सूचना स्पष्ट, आणि नंतर आपली देखरेख. काम मावशीने केले तरी जबाबदारी सिस्टरची राहते.

खाटा भरलेल्या आणि सिस्टर मोजक्या असलेल्या वॉर्डात प्रत्यक्ष काय चालते, ते मुलींनी पाहिलेले असते. परीक्षेत मात्र नियमाचे उत्तर द्यावे. तो नियम नोकरीतही आपले रक्षण करतो. ज्या विभागाचे शिक्षण नाही तिथे ड्युटी लावली तर काय करावे? रागाने निघून गेलात तर रुग्णाला वाऱ्यावर सोडल्याचा दोष येतो. मुकाट्याने सगळे काम घेतले तर चुकीचा धोका. योग्य उत्तर हे, की वरिष्ठांना स्पष्ट सांगावे आणि जे येते तेवढेच काम स्वीकारावे.

जीव कोणाचा धोक्यात?

२ जुलै २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर मालाड पूर्वेच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळली. सुमारे तीस माणसे गेली. जखमींना कांदिवलीच्या शताब्दी, जुहूच्या कूपर अशा रुग्णालयांत न्यावे लागले. अशा वेळी एकदम अनेक रुग्ण दारात येतात. परीक्षेत विचारतात, पहिले कोण?

समजा चौघे आले. हात मोडलेले, मोठ्याने रडणारे मूल. कपाळ फुटलेली पण चालत आलेली बाई. गप्प पडलेला, भरभर श्वास घेणारा, ओठ निळे पडलेला तरुण. आणि श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसलेले वृद्ध. पहिला तरुण. त्याला लाल पट्टी. मुलाला पिवळी, बाईला हिरवी, वृद्धाला काळी. जो मोठ्याने ओरडतो तो पहिला नव्हे. ओरडतो आहे म्हणजे श्वास चालू आहे. ज्याला वाचवता येईल आणि उशीर झाल्यास जो हातचा जाईल, तो पहिला. वॉर्डातही हाच क्रम : श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. जुन्या, स्थिर तक्रारीआधी नवा, अचानक झालेला बदल.

लिहिले नाही, ते केले नाही

तिन्ही प्रश्नांची उत्तरे शेवटी कागदावर यावी लागतात. केसपेपरवर खोडाखोड करू नये. चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी बरोबर लिहावे, तारीख, वेळ आणि सही करावी. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितले तर लिहून घ्यावे, परत वाचून दाखवावे, नंतर त्यांची सही घ्यावी. दुसऱ्याने दिलेल्या औषधाची नोंद आपल्या नावाने करू नये. चुकीचे औषध गेले तर पहिले काम रुग्णाला तपासणे, मग डॉक्टरांना कळवणे, मग घटनेचा अहवाल. अहवालात जे पाहिले तेवढेच लिहावे, दोष कोणाचा ते नाही.

अभ्यास कसा करावा?

सहा आठवडे, रोज अर्धा तास, दहा प्रश्न पुरेत. वहीत दोन रकाने करावेत : कोणते उत्तर निवडले, आणि बरोबर उत्तर बरोबर का. दुसरा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. चुकलेला प्रश्न निर्णयाचा, कामाचा की जिवाचा, ते बाजूला लिहावे. पंधरा दिवसांत आपण कुठे अडतो ते वहीच सांगेल. दोघी-तिघींनी अभ्यासिकेत बसून मोठ्याने वाद घालावा. हा भाग बोलून चांगला समजतो.

“पेपर आधी मिळवून देतो” म्हणणारा एजंट भेटला तर चार पावले दूर राहावे. पैसे जातात, आणि उघडकीस आले तर निकाल रद्द होऊन पुढची वाटही बंद होते.

आईवडिलांनाही दोन शब्द. फी भरण्याआधी संस्था परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का ते स्वतः पाहावे, कोणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला दुपारी झोपू द्यावे, पाणी भरायला उठवू नये. आणि कोणता शेजारी कशासाठी दाखल आहे, ते तिला विचारू नये. ती गप्प राहिली तर समजावे, की धडा तिला नीट कळला आहे.

पुढील लेखात औषधांच्या मात्रेची आणि सलाईनच्या थेंबांची गणिते पाहू. वही आणि पेन्सिल जवळ ठेवावी.