डिफॉल्ट आलेख निःपक्ष नसतो

आकडे खरे असले की झालं, आलेख कसा का दिसेना, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच जण अहवाल मंजूर करण्याच्या खुर्चीत बसलेले आहेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला, हा त्यांचा युक्तिवाद. संगणकाने जो आलेख काढून दिला तो जसाच्या तसा चिकटवावा; रंग, अक्ष, अक्षरं यांच्यामागे वेळ घालवणं हा नटवेपणा. त्यांच्यातले कडक लोक याच्याही पुढे जातात. त्यांच्या मते आलेखाच्या रूपाला हात लावला, तिथेच लबाडी सुरू झाली.

मला ही दोन्ही मतं साफ अमान्य आहेत. आलेखाचं रूप हा हिशेबाचाच भाग असतो आणि ते नेहमी कोणीतरी ठरवलेलंच असतं. ज्याने ठरवलं त्याने आपला निर्णय कोडमध्ये लिहून ठेवावा, म्हणजे तो दुसऱ्याला तपासता येईल, एवढं माझं म्हणणं. गोंदिया जिल्ह्याच्याच गोष्टी घेऊन ते तपासू.

धानापासून सुरुवात करतो. साधारण प्रतीच्या धानाची आधारभूत किंमत २०२०-२१ च्या हंगामात क्विंटलला १,८६८ रुपये होती. पुढे ती १,९४०, २,०४०, २,१८३, २,३०० अशी चढत २०२५-२६ ला २,३६९ झाली. एकूण वाढ ५०१ रुपये, म्हणजे सुमारे २७ टक्के. आता हे सहा आकडे स्तंभालेखात मांडा आणि उभा अक्ष १,८०० पासून सुरू करा. पहिला स्तंभ ६८ रुपयांएवढा उंच होतो, शेवटचा ५६९ एवढा. डोळ्यांना भाव आठ पटींहून जास्त वाढलेला दिसतो. यात एकही आकडा खोटा नाही. पण खरेदी केंद्रावर बारदान्याची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्यासमोर हा आलेख धरला, तर त्याच्यावर अन्यायच होईल, कारण त्याच पाच वर्षांत त्याचा मजुरीचा, खताचा आणि रोवणीचा खर्चही वाढला आहे आणि तो या चित्रात कुठेच नाही.

कडक पक्ष म्हणेल, बघा, म्हणूनच सांगतो, हात लावू नका. संगणकालाच ठरवू द्या. ठीक. पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या साधनाला हेच सहा आकडे देऊन साधा रेषालेख काढायला सांगा आणि बाकी काही सांगू नका. स्तंभ ते शून्यापासून काढतं, पण रेषालेखात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्याच्या पलीकडे पाच टक्के जागा सोडून अक्ष तिथेच तोडतं. म्हणजे आपला अक्ष कोणी न सांगता १,८४३ च्या आसपास सुरू होतो आणि रेष चित्राच्या तळातून निघून माथ्याला भिडते. कोणी हात लावला नाही म्हणून हा आलेख निःपक्ष झाला का? पाच टक्क्यांचा तो नियमही एका माणसाने कधीतरी लिहिलेलाच आहे. त्याच्यासमोर गोंदियाचं धान नव्हतं, एवढंच.

अशा डिफॉल्टांना, म्हणजे कोणी न सांगता साधन स्वतःहून लावतं त्या नियमांना, इतिहास आहे आणि तो माहीत असायला हवा. मॅटप्लॉटलिब जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकांनी २००३ च्या सुमारास लोकांसाठी खुलं केलं. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत त्यांना पाहायचे होते. मॅटलॅब या विकत मिळणाऱ्या प्रणालीची वळणं त्यांनी मुद्दाम उचलली आणि त्यांच्याबरोबर 'जेट' नावाची रंगपट्टीही आली: निळा, आकाशी, पिवळा, लाल. तिच्यातले आकाशी आणि पिवळे पट्टे बाकीच्यांपेक्षा उजळ असल्यामुळे आकड्यांत नसलेल्या सीमा डोळ्यांना दिसू लागतात. तरीही जानेवारी २०१७ मध्ये २.० ही आवृत्ती येईपर्यंत डिफॉल्ट तीच राहिली. मग स्टेफान व्हॅन डर वॉल्ट आणि नॅथॅनिएल स्मिथ यांनी डोळ्यांच्या आकलनाचं गणित करून बनवलेली 'व्हिरिडिस' तिच्या जागी आली. तिच्यात आकडा वाढला की उजळपणा त्याच प्रमाणात वाढतो. हंटर २०१२ मध्येच गेले होते. जगभरातल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे जे रंग निमूटपणे स्वीकारले, ते शेवटी चुकीचे म्हणून काढावे लागले. तेव्हा डिफॉल्टला निसर्गनियम मानायचं कारण नाही.

दुसरं उदाहरण सारस पक्ष्यांचं. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत. उन्हाळा सरताना वनविभाग, 'सेवा' ही संस्था आणि सारसमित्र शेतकरी मिळून त्यांची मोजणी करतात; शेजारच्या बालाघाटातही ती होते. संख्या इतकी कमी, की ती दहांच्या हिशेबात बोलायची. असे आकडे साधनाच्या हवाली केले तर उभ्या अक्षावर कधी कधी साडेसदतीस सारस उमटतात आणि आडव्या अक्षावर २०२१.५ असं साल. पूर्णांकच दाखव, हे एका ओळीत सांगता येतं. न सांगणाऱ्याने पक्ष्यांबद्दल विचारच केला नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणि इथे मी अक्ष शून्यापासून सुरू करण्याचा हट्ट धरणार नाही. स्तंभाची लांबी हाच त्याचा अर्थ, म्हणून स्तंभाला शून्य हवंच. रेषेचा अर्थ मात्र तिच्या चढउतारात असतो. सारसाची जोडी एका हंगामात साधारण दोन अंडी घालते आणि त्यातलं एखादं पिल्लू मोठं होतं. अशा पक्ष्यांतले चार कमी झाले तर ती घट डोळ्यांत भरलीच पाहिजे. शून्यापासून काढलेल्या सपाट रेषेत ती लपते. धानाच्या भावाला जे चुकीचं, ते सारसाला योग्य ठरतं, आणि हा फरक कोणत्याही डिफॉल्टला कळणार नाही. तो धान आणि सारस ओळखणाऱ्यालाच कळेल. एखाद्या वर्षी मोजणी झालीच नसेल, तर रेष तिथे तुटलेली दिसली पाहिजे. रकाना रिकामा ठेवला तर मॅटप्लॉटलिब ती बरोबर तोडतं. टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून कोणी तिथे शून्य भरलं, तर कागदावर एका वर्षात सारस नामशेष होतो आणि पुढच्या वर्षी परत येतो.

रंगांबद्दल बोलायचं तर भारतीय हवामान विभागाचे नकाशे समोर ठेवावेत, कारण शेतकरी ते रोज मोबाइलवर पाहतो. इशाऱ्यांच्या नकाशात पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे सर्वांत मोठा धोका. त्याच विभागाच्या जिल्हावार पावसाच्या नकाशात मात्र सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस असलेला जिल्हा लाल आणि त्याहूनही वाईट, ६० टक्के किंवा अधिक तुटीचा जिल्हा पिवळा. रोवणी खोळंबलेली असताना आपला जिल्हा लालचा पिवळा झालेला पाहून एखाद्याला हायसं वाटलं, तर दोष त्याचा नाही. आकडे दोन्ही नकाशांत बरोबर आहेत. गोंधळ सगळा रंगांनी केला आहे. रंग हा वरचा मुलामा असतो असं मानणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

शिवाय आपल्याकडे रंगीत आलेख रंगीत राहतो कुठे? तो तहसील कचेरीतून ग्रामपंचायतीत पोचतो तो झेरॉक्स होऊन. मॅटप्लॉटलिबच्या डिफॉल्ट रंगांतला पहिला निळा, तिसरा हिरवा आणि चौथा लाल यांचा उजळपणा मी मोजून पाहिला: २५५ पैकी सुमारे १००, ११२ आणि ९१. झेरॉक्सवर हे तिन्ही एकाच राखाडी छटेत मिसळतात. म्हणजे सालेकसा, देवरी आणि आमगाव या तालुक्यांच्या रेषा कागदावर असतात, पण कोणती कुणाची ते सांगता येत नाही. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या माणसांची तर हीच अडचण कायमची. एक रेष अखंड, दुसरी तुटक, तिसरीवर ठिपके, आणि कोपऱ्यातल्या रंगसूचीऐवजी प्रत्येक रेषेच्या टोकाशी तालुक्याचं नाव: चार-पाच ओळींचं काम आहे.

पण ते नाव मराठीत लिहायला जा, की खरी लढाई सुरू होते. मॅटप्लॉटलिबबरोबर येणाऱ्या अक्षरसंचात देवनागरी नाहीच, त्यामुळे 'गोंदिया'च्या जागी चौकोनांची रांग येते. देवनागरी संच जोडला तरी कित्येक वर्षे हे साधन अक्षरांची जुळणी स्वतःहून करत नव्हतं: 'तिरोडा'तली वेलांटी त-च्या पुढे जाऊन बसायची आणि 'अर्जुनी'तला रफार ज-वर न चढता पाय मोडलेला र होऊन खाली राहायचा. यावर उपाय आहेत. आलेख एसव्हीजी स्वरूपात, अक्षरं अक्षरंच ठेवून साठवला तर ब्राउझर ती नीट जुळवतो. 'आर' भाषेत 'रॅग' हे साधन ते काम करतं. पण बहुतेक जण हे उपाय शोधत नाहीत आणि सरळ इंग्रजी नावं टाकून मोकळे होतात. मग ज्या ग्रामसभेसाठी आलेख काढला, तिलाच तो वाचून दाखवायला कोणीतरी लागतं. आकड्यांचीही हीच कथा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. डिफॉल्ट अक्षावर ती १.३ च्या आसपास दिसते आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत दहाच्या सहाव्या घाताची खूण असते. 'लाख' हा शब्द अक्षावर आणायला एक छोटं फंक्शन पुरतं. ज्याच्याविषयी आकडे आहेत त्याला ते त्याच्या भाषेत वाचता यावेत, हे सजावटीत मोडत नाही.

आता विरोधकांची दुसरी फळी. हे सगळं एक्सेलमध्ये माऊसने होतं, त्यासाठी कोड कशाला? एकच आलेख एकदाच काढायचा असेल तर माझी हरकत नाही. पण धान खरेदीचा हिशेब आठ तालुक्यांचा असतो, खरीप आणि रब्बी असा दोनदा असतो आणि दर वर्षी असतो. आठ आलेख हाताने काढले की प्रत्येकाचा उभा अक्ष वेगळा पडतो आणि देवरीचा लहान आकडा गोंदियाच्या मोठ्या आकड्याएवढा उंच दिसतो. मॅटप्लॉटलिबही आपणहून तेच करतं. अक्ष सामायिक ठेव, असं त्याला सांगावं लागतं. 'आर'मधलं जीजीप्लॉट मात्र न सांगता अक्ष एकच ठेवतं. दोन नामांकित साधनांची डिफॉल्टं इथे एकमेकांच्या उलट आहेत, यावरून निःपक्षपणाचा दावा किती टिकतो ते दिसतं.

त्याहून मोठी गोष्ट आहे पुराव्याची. माऊसने ओढलेला अक्ष आपल्यामागे काहीच लिहून ठेवत नाही. कोडमध्ये अक्ष १,८०० पासून सुरू केला असेल तर तसं सांगणारी ओळ तिथे असते, आणि ती का लिहिली असं विचारता येतं. रूप बदलणं म्हणजे लबाडी, असं म्हणणाऱ्या कडक पक्षाला खरं तर कोडच हवा असायला हवा. कोड वाचता येणारे किती, असं कोणी म्हणेल. सातबारा तरी सगळ्यांना कुठे वाचता येत होता? पण तो लिहिलेला होता, म्हणून गावातल्या एकाने वाचून दहा जणांना सांगितला.

वेळ फुकट जातो, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. तालुक्यांच्या विभागणीचा त्रिमितीय, सावली पाडणारा वर्तुळालेख काढण्यात दुपार घालवणारे आहेतच, आणि तिथे समोरचा तुकडा मागच्यापेक्षा मोठा भासतो. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं, की माणसाला एकाच अक्षावरच्या स्थानांची तुलना कोनाच्या तुलनेपेक्षा चांगली जमते. त्याच्या आदल्या वर्षी एडवर्ड टफ्टी यांनी आलेखातली निरर्थक शाई पुसून टाकायला सांगितलं होतं. पण पुसणं हेही रूप ठरवणंच आहे, आणि डिफॉल्टने काढलेली चौकट व रेघा पुसायलाही कोड लिहावाच लागतो. वेळ वाचवायचाच असेल तर एकदाच नीट ठरवून ते फाईलमध्ये साठवावं.

तेच माझं मागणं आहे. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढतं. गोंदियाच्या समालोचनातल्या तक्त्यांवरून आलेख काढणारी एक शैली-फाईल आणि तिच्या जोडीला थोडी फंक्शनं जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी लिहावीत आणि ती सर्वांना खुली असावीत. प्रत्येक तालुक्याची रेषेची तऱ्हा कायमची ठरलेली. तालुक्यांचा क्रम इंग्रजी वर्णमालेचा नको. उत्तरेच्या गोंदिया-तिरोड्यापासून दक्षिणेच्या अर्जुनी मोरगावपर्यंत, जसा जिल्हा पसरला आहे तसा. स्तंभ शून्यापासून. आकडे लाखांत, अक्षरं मराठीत, आणि प्रत्येक आलेखाखाली आकडा कुठून आला ते.

पैसेवारीच्या नकाशाला तर या फाईलमध्ये स्वतंत्र जागा हवी. प्रमाण उत्पन्नाच्या मानाने पीक किती आलं ते रुपयातल्या पैशांत सांगणारा हा आकडा पन्नासच्या आत की बाहेर, यावर गावाच्या सवलतींची सगळी चर्चा फिरते. एका रंगातून दुसऱ्यात अलगद विरघळणाऱ्या डिफॉल्ट पट्टीत ही सीमा दिसतच नाही. म्हणून रंग पन्नासवर स्पष्ट तुटला पाहिजे. आणि त्याच नकाशात ४९ आणि ५१ च्या गावांवर आकडाही छापलेला असावा, कारण वेगळ्या रंगांत पडलेल्या त्या दोन गावांच्या पिकात अंतर दोनच पैशांचं आहे, हेही त्या गावांना दिसायला हवं.