खरा खर्च तारखांचा

परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून आहे आणि तिचा खर्च सामान्य नोकरदाराला कसाबसा पेलतो. दावा दोन्ही बाजूंनी लढविला जाऊ लागला आणि त्यात लहान मुलाच्या ताब्याचा प्रश्न गुंतला, की मात्र सारा हिशेब बदलतो. जमिनीच्या वादात ‘इतके खर्चून पदरात काय पडणार’ असा विचार करून माघार घेता येते. मुलाच्या बाबतीत असा विचार सहसा कोणी करीत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे खरे. परंतु समन्स हाती पडलेल्या प्रतिवादीला शहाणपणाची ही मुभा नसते.

कायदे करणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे नव्हे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. गरज भासल्यास न्यायालयाने न्यायमित्र नेमावा अशी ती कल्पना. व्यवहारात वकिलासाठी परवानगी मागितली जाते व बहुधा मिळतेही, कारण समोरचा वकिलासह उभा असता एकट्याने बोलण्याचे धैर्य कोण करील?

दुसरी तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याची. १९९५ पासून अमलात असलेल्या या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो. मात्र मोफत वकील गरिबांसाठीच, हा समज सुशिक्षित घरांत घट्ट रुजला आहे. एखादी शिक्षिका दागिने मोडून वकीलफी भरील, पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयाकडे फिरकणार नाही. कायद्याने नमूद केलेल्या अन्य प्रवर्गांत न बसणाऱ्या पुरुषाला मात्र उत्पन्नाची अट आहे. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला तीन लाख रुपये, म्हणजे महिना पंचवीस हजार. कायम नोकरीतील कारकून या रेषेच्या वर असतो. महागाई भत्ता निर्देशांकानुसार वाढतो, मर्यादा आपोआप वाढत नाही. तेव्हा महागाईने ज्याचा खिसा रिकामा केला, त्यालाच तिच्या भरपाईपोटी मिळालेला भत्ता मदतीच्या रेषेबाहेर ढकलतो!

राहिले हिंदू विवाह कायद्याचे चोविसावे कलम. पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या पत्नीला, तसेच पतीलाही, दाव्याचा खर्च व तात्पुरती पोटगी दुसऱ्या पक्षाकडून मागता येते. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत या अर्जाचा निकाल लागावा, असे २००१ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. पण मुदत ठरलेली असूनही अंतरिम पोटगीचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, हेही त्याच निकालात नोंदविले आहे. ‘शक्यतो’ या एका शब्दात किती तारखा मावतात, हे न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून राहिलेल्यांना ठाऊक आहे.

विलंबाची खरी किंमत येथे आहे. रजा, प्रवासभाडे, बुडालेला रोज यांची बेरीज तरी करता येते. मुलाचे वय मात्र तारखेसाठी थांबत नाही. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. साडेतीन वर्षांचे मूल बापाने ठेवून घेतले आणि अर्ज दोन वर्षे रेंगाळला, तर ते मूल पाच ओलांडून जाते. उलट बाजूस, भेटी बंद झालेल्या बापाला तितक्याच काळात मूल ओळखेनासे होते. दरम्यान शाळा, शेजार, सवयी ठरून जातात, आणि मुलाचे हित पाहणारे न्यायालय ती घडी मोडण्यास कचरते. त्यात न्यायालयाचे फारसे चुकते असेही नाही. ज्याच्या घरी मूल आहे आणि ज्याला थांबणे परवडते, त्याचे काम युक्तिवादावाचून निम्मे झालेले असते.

म्हणून पहिल्या महिन्यात मिळालेला एक रुपया तिसऱ्या वर्षी मिळालेल्या दहा रुपयांहून मोलाचा. कौटुंबिक दाव्याच्या समन्ससोबतच विधी सेवा कार्यालयाचा पत्ता आणि चोविसाव्या कलमाच्या अर्जाचा नमुना पाठविण्यास नवा कायदा लागेल असे वाटत नाही. उत्पन्नाची मर्यादा निर्देशांकाशी जोडणे राज्य शासनाच्या हाती आहे. खर्चाचा व मुलाच्या भेटीचा अंतरिम आदेश होईपर्यंत अन्य कारणासाठी तारीख मागितल्यास ती मिळू नये; तसे झाले तर थांबणे कोणाला परवडते हा प्रश्न निदान पहिल्याच दिवशी निकालात निघणार नाही.