प्लगचे आटे गेले, तर?



तूर फुलावर आली आहे, शेंगा पोखरणारी अळी दिसू लागली आहे, आणि नेमका पेट्रोलचा फवारणीपंप सुरू होत नाही. दोरी ओढून ओढून हात भरून येतात. मग घरातले कोणीतरी प्लग काढते, पुसते, परत बसवते आणि आता तरी नीट बसावा म्हणून पान्यावर सगळा जोर लावते. पाना एकदम हलका होतो आणि प्लग नुसताच गोल फिरू लागतो. आटे गेले! पंप दोन-तीन दिवस अडकतो, अळी मात्र थांबत नाही.

असे का होते? प्लगचे आटे पोलादाचे असतात आणि तो ज्यात बसतो ते इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे. दोघांची कुस्ती झाली की मऊ धातूच हरतो. प्लग तिरका धरून पाना लावला, गरजेपेक्षा जास्त आवळला किंवा इंजिन गरम असतानाच काढला, तर हेडमधले आटे सोलून निघतात. फवारणीपंप, पॉवर वीडर, गवत कापण्याचे यंत्र, मोटारसायकल या सगळ्यांना हे लागू आहे. डिझेल इंजिनाला हा प्लग नसतोच.

आटे गेल्यावर पुष्कळजण प्लगभोवती पत्र्याची पट्टी किंवा टेप गुंडाळतात, नाहीतर एम-सील भरतात. कृपा करून असे करू नका. एका वस्तीवर असाच पट्टी लावलेला पंप मी पाहिला. सुरू करताच दोन मिनिटांत प्लग गोळीसारखा सुटला आणि गोठ्याच्या पत्र्यावर आदळला. पंप जमिनीवर होता म्हणून निभावले. पाठीवर असता, तर तो मानेमागून सुटला असता. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते; तिथेच ठिणगी उडाली तर आग लागते. प्लगची उष्णताही आट्यांतून आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते. प्लग ढिला राहिला की तो तापतो आणि पिस्टनचे नुकसान होते.

मग दुरुस्ती कशी करावी? आधी नुकसान किती आहे ते पाहा.

सुरुवातीचा एखादाच आटा मुडपला असेल किंवा आट्यांत काजळी बसली असेल, तर त्याच मापाचा टॅप हाताने सरळ फिरवून आटे साफ होतात. बहुतेक पंपांचा प्लग १४ मि.मी. जाडीचा आणि १.२५ मि.मी. आट्याचा असतो. काही लहान यंत्रांना आणि मोटारसायकलींना १० मि.मी. जाडीचा, १ मि.मी. आट्याचा प्लग लागतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरावे, म्हणजे कीस त्याला चिकटतो. पिस्टन खाली असावा, नाहीतर टॅप त्यावर टेकतो.

आटे पूर्ण गेले असतील, तर हे काम घरचे नाही. जाणत्या फिटरकडून भोक वाढवून त्यात पोलादी तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, बसवून घ्या; किंवा लेथवर तयार केलेला आट्यांचा बुश मारून घ्या. नीट बसवलेले पोलादी आटे मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ ठरतात. फिटरला तीन गोष्टी आवर्जून सांगा. हेड सुटे होत असेल तर ते काढूनच काम करा, कारण कीस सिलिंडरात पडला तर रेघा ओढतो. बुश किंवा वेटोळे आत, पिस्टनच्या बाजूला, बाहेर आलेले नको. आणि हेड परत बसवताना गॅस्केट नवे घाला.

काम झाल्यावर परीक्षा सोपी आहे. इंजिन थंड असताना प्लगच्या बुडाशी साबणाचे पाणी लावा, स्विच बंद ठेवा आणि दोरी सावकाश ओढा. बुडबुडे आले तर वाफ गळते आहे. पंप परत फिटरकडे न्या.

आता हा खर्च टाळायचा कसा, ते लक्षात ठेवा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढा. आधी भोवतालची माती फुंकून काढा. प्लग अडला असेल तर बुडाशी थोडे रॉकेल सोडून थांबा, मग थोडा सोडवा, थोडा परत फिरवा, असे करत काढा. नवा प्लग घेताना जुना दुकानात न्या आणि आट्यांची लांबी जुळवून घ्या. लांब प्लग पिस्टनला लागतो. आखूड घातला तर उरलेल्या आट्यांत काजळी भरते.

बसवताना प्लगच्या डोक्यावर पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा घाला. आधी किंचित उलटा फिरवा. आटा जुळला की टक् असे जाणवते. मग नळीनेच सरळ फिरवत न्या. तिरका जात असेल तर नळी घसरते, आटे वाचतात. प्लग वॉशरवर टेकला की मगच पाना घ्या. नवा प्लग अर्धा फेरा, जुना फेऱ्याच्या आठव्या ते चौथ्या हिश्श्याइतकाच आवळा. आट्यांना तेल-ग्रीस चोपडू नका. पाना हलका फिरतो आणि प्लग नकळत जास्त आवळला जातो.

दोन बोटांचा रबरी तुकडा आजच पान्याला बांधून ठेवा. पुढच्या फवारणीच्या दिवशी तो हाताशी असेल.