रुतलेले उपसू नये

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे कोन लागते. परवा तेथे एका जुन्या विद्यार्थ्याकडे फराळाला गेलो होतो. त्याच्या वडिलांनी तीस वर्षे भिवंडीत माग चालविले. गप्पा साहजिकच मागावर आल्या.

"सर, मागाची भीती नाही, धोट्याची आहे," म्हातारबा म्हणाले.

धोट्याची दोन्ही टोके धातूची, अणकुचीदार. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा तो इकडून तिकडे धावतो आणि वाट चुकला तर गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. एकदा असाच सुटलेला धोटा शेजारच्या मागावरच्या पोराच्या डोळ्याच्या कोपऱ्यात शिरला. लोकांनी धावत जाऊन तो उपसला. पोरगा गेला.

थोडे थांबून ते म्हणाले, "उपसणारा मीच होतो."

मी काय बोलणार? न उपसता तो वाचलाच असता, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण डोळ्याच्या खोबणीचे छत पापुद्र्यासारखे पातळ असते; त्याच्यावर लगेच मेंदू. आत रुतलेली वस्तू पुष्कळदा फुटलेल्या रक्तवाहिनीचे बूच होऊन बसते. बूच काढले की कवटीच्या बंद डब्यात रक्त साचते आणि मेंदू दाबला जातो. म्हणून शल्यविशारद आधी सीटी स्कॅन करतात, रक्तवाहिनी दुखावल्याचा संशय असल्यास तिचेही चित्र घेतात, भोवतालचे हाड कापून वाट मोकळी करतात आणि मग डोळ्यांदेखत वस्तू काढतात.

हे शहाणपण रणांगणावर शिकले गेले. १९१७ साली फ्लँडर्सच्या आघाडीवर हार्वे कुशिंग यांनी रबरी नळीने मेंदूतले हाडांचे तुकडे व मेलेला भाग शोषून काढला आणि जखमा नीट शिवल्या. तीन महिन्यांत त्यांच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ५४ वरून २९ च्या आसपास आले. पुढच्या पिढ्या आणखी एक गोष्ट शिकल्या : खोल गेलेल्या प्रत्येक तुकड्याच्या मागे लागू नये, त्या शोधात चांगला मेंदू दुखावतो. हाताशी येईल ते काढावे, मेंदूचे आवरण पाणीही झिरपणार नाही असे शिवावे आणि जंतूंना औषधाने आवरावे.

आपल्याकडे करण्याजोगे थोडेच आहे, पण मोलाचे आहे. सळई असो, कात्री असो, रुतलेली वस्तू उपसू नये, हलवू नये. भोवती कापडाच्या घड्या लावून ती स्थिर ठेवावी. तोंडाने पाणीसुद्धा देऊ नये. १०८ ला फोन करावा आणि मेंदूची शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयाची वाट धरावी.

म्हातारबांना मी एवढेच म्हटले, "तुम्हाला कोणी सांगितले नव्हते."

"नव्हते," ते म्हणाले. "आता तुम्ही लिहा, सर."

म्हणून लिहिले.