घरकुल किती पावसाळे टिकणार?

सातारा व सांगली जिल्ह्यांत किती घरकुले मंजूर झाली व किती हप्ते वाटले, याचा हिशेब सरकार चोख ठेवते. ते घर किती पावसाळे उभे राहील, हे मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून आम्ही विचारतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे! मातीच्या भिंतीत पाणी मुरले की तिचा जोर संपतो आणि पूर ओसरताना ती बसते. काळी जमीन तर ओलीने फुगते व उन्हाने भेगाळते. उथळ पायावरची विटांची भिंतही तेथे तडकते. पाटण तालुक्याची तऱ्हा निराळी. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. जुलै २०२१ मध्ये आंबेघर व मिरगाव येथे तर डोंगरच घरांवर आला. तेथे सिमेंट तरी काय करणार?

मेख जागेत आहे. भूमिहीनाच्या वाट्याला ओढ्याकाठची, सखल जागाच येते. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे खरी. परंतु ज्याला पाय ठेवण्यास हक्काची जमीन नाही, त्याने अनुदान कोठे उभारावयाचे?

‘जमीन कोठून आणावी?’ असे विचारणाऱ्यांनी चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा १९९५ चा निकाल वाचावा. दलितांच्या घरांसाठी झालेल्या भूसंपादनास जमीनमालकांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. निवारा म्हणजे नुसते छप्पर नव्हे. सुरक्षित बांधणी, पुरेशी जागा, उजेड, हवा, पाणी व रस्ता हे सर्व त्यात येते, असा त्याचा आशय आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

आणि टिकाऊ घर म्हणजे श्रीमंती चैन, हाही एक भ्रमच. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा, जोते उंच घ्यावे, आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या भिंतीत आरपार जोडदगड बसवावेत आणि जोत्याला, चौकटींच्या माथ्यावर व छपराखाली सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा फिरवावा. एवढ्याने खर्च वाढतो, नाही असे नाही. पण तेच घर पुन्हा बांधण्याइतका खचित नाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत पूररेषेबाहेरची व दरडीपासून दूरची जागा लेखी मागावी, आणि अर्जाची पोच घेतल्याखेरीज उठू नये.