आधी ऐकवा, मग दाखवा

पंडित भीमसेन जोशींवरच्या एका प्रदर्शनाविषयी मी खोपोलीत चार जणांत नाराजी बोलून दाखवली, तेव्हा मला मिळालेली उत्तरं आजही पटत नाहीत. उत्तरं देणारे परके नव्हते. भजनाला बसणारे, गाण्याच्या ओढीने पुण्या-मुंबईला जाणारे आपल्याच कर्जत-खालापूरचे लोक होते, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर देतो. प्रदर्शन शहरात होतं, थोड्या दिवसांपुरतं होतं. ते भरवणाऱ्यांचं नाव मी घेणार नाही. गवयाची आठवण जपायची म्हणजे काय, याची आपल्या सगळ्यांचीच समजूत चुकली आहे आणि तिच्याशीच माझं भांडण आहे.

पहिलं उत्तर असं : ‘एवढी गर्दी लोटली, रांग दाराबाहेर गेली, याचा अर्थ लोकांना आवडलं. तुम्ही कशाला नावं ठेवता?’

गर्दीचं मला वावडं नाही. खोपोलीहून गाडी धरून, कर्जतला बदलून सकाळच्या लोकलने जाणाऱ्या माणसाला ते परवडणारही नाही. पण गर्दी-गर्दीत फरक असतो, आणि तो भीमसेनजींनीच दाखवून दिला आहे. गुरू सवाई गंधर्व 1952 साली गेले आणि 1953 पासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळाचा तो महोत्सव भीमसेनजींनी अनेक दशकं स्वतः खपून उभा केला. रमणबागेच्या मैदानावर हजारो माणसं भारतीय बैठकीवर मांडीला मांडी लावून बसत आणि विलंबित ख्याल सुरू झाला की गप्प होत. ती गर्दी बसलेली होती, तिची तोंडं एकाच दिशेला होती आणि तिच्याजवळ वेळ होता. प्रदर्शनातली गर्दी मात्र ढकलली जात होती. एका फोटोसमोर जरा रेंगाळलो, तर स्वयंसेवक मुलगा नम्रपणेच म्हणाला, “काका, पुढे चला, मागे रांग आहे.” त्या मुलाचं काही चुकलं नाही. माणसं आत सोडण्याचं गणितच कुणी केलेलं नव्हतं. दर अर्ध्या तासाला ठरावीक लोक आत घ्यायचे, एवढी साधी गोष्ट होती. यशस्वी कशाला म्हणायचं? किती माणसं दारातून गेली याला, की किती जणांच्या कानात सूर राहिला याला?

दुसरं उत्तर जास्त विचारी वाटतं आणि म्हणून जास्त घातकही आहे. ‘गाणं काही काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. मग वस्तूच मांडणार ना!’

वस्तू मांडा, पण त्यांना बोलतं करा. त्या दालनात काचेमागे एक तंबोरा उभा होता. तारा सैल पडलेल्या, घोडीवर जवारीचा दोरा नाही. खाली पाटी होती, तिच्यावर फक्त ‘तंबोरा’. तारेखाली, घोडीवर तो सुती दोरा केसाएवढा पुढे-मागे सरकवावा लागतो. एका विशिष्ट जागी तो आला की इतका वेळ बद्द वाजणारी तार एकदम झंकारते आणि तिच्यातून दुसरे, वरचे स्वर उमटू लागतात. भीमसेनजींचा तो भरदार षड्ज ज्या झंकारात मिसळून जाई, तो याच दोऱ्याच्या जागेवर अवलंबून होता. कुणी जाणकार तिथे बसवून तासातून एकदा तंबोरा लावून दाखवला असता, तर दहा वर्षांच्या पोरालाही ते कळलं असतं. आवाजाची आबाळ तर त्याहून वाईट होती. एका खोलीत शुद्ध कल्याण, शेजारच्या खोलीत अभंग, मध्ये नुसता पडदा. दोन्ही एकमेकांवर आदळत होते. ज्या माणसाने आयुष्यभर सुराची शुद्धता सांभाळली, त्याच्या नावाने हे व्हावं, याचं मला खरोखर दुःख झालं.

भीमसेन घडले कशामुळे, हेही आठवावं. गदगला लहानपणी दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी कानावर पडली आणि त्या मुलाला असं गायचंच, असा ध्यास लागला. 1933 साली, अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घर सोडून गेला. ग्वाल्हेर, जालंधर असा हिंडून अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोचला. ही सगळी हकीकत दालनात भिंतीवर बारीक अक्षरांत लिहिलेली होती. ती ठुमरी मात्र कुठेच वाजत नव्हती. खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं आजही उपलब्ध आहेत. भिंतीवरच्या त्या मजकुराऐवजी ती तीन मिनिटं ऐकवली असती, तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

हे अशक्य आहे, असंही कुणी म्हणू नये. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 2013 साली डेव्हिड बोवी या गायकावर प्रदर्शन भरवलं, तेव्हा प्रत्येक प्रेक्षकाला हेडफोन दिले होते. माणूस ज्या वस्तूसमोर जाई, तिथलं गाणं आपोआप कानात सुरू होई. तो खर्च आपल्याला झेपणार नाही, हे मान्य. पण खर्चाशिवायही गवयाचं स्मारक उभं राहतं, आणि ते पाहायला लंडनला जावं लागत नाही. खोपोलीहून चौकमार्गे जुन्या हमरस्त्याने निघालं की पनवेलच्या अलीकडे पळस्पे लागतं. तिथे रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी धृपदाचं गुरुकुल उभं केलं. उदयपूरच्या दरबारी गायकाचा हा मुलगा. वीणेचा आवाज अधिक खोल यावा म्हणून त्यांनी कोलकात्याच्या कारागिरांकडून मोठ्या भोपळ्यांची, जाड तारांची वीणा करून घेतली. तारेवर नखी न लावता ते उघड्या बोटांनी छेडत. 1990 मध्ये ते गेले. धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन डागर यांनी तिथे 2013 पर्यंत, स्वतःच्या अखेरपर्यंत, शिकवलं. उदय भवाळकरांसारखे गायक या बंधूंच्या तालमीत तयार झाले. मोहिउद्दीन यांचे चिरंजीव बहाउद्दीन आज तीच वीणा वाजवतात. आमच्या तालुक्याच्या वेशीपासून ते इतकं जवळ आहे, तरी इथल्या किती जणांना ठाऊक आहे? गवयाची आठवण गळ्या-हातांतून पुढे कशी जाते, ते मला पळस्प्याने शिकवलं.

तिसरं उत्तर ऐकून मात्र राग आला. ‘लोकांना फोटोच काढायचे असतात. बसून ऐकणार कोण?’

कोण म्हणजे काय? आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांतले लोक ऐकणार. पखवाजावरचा ठेका जरा ढिला पडला तर मान वर करून बघणारी ही माणसं आहेत. शेतावरून येऊन रात्री उशिरापर्यंत गजर करतात. भीमसेनजींची संतवाणी त्यांच्या घरात, रिक्षात, देवळाच्या भोंग्यावर रोज वाजते. ज्यांना अभंगातली आर्तता कळते, त्यांना रागातली कळणार नाही, हे कुणी ठरवलं? बसायला जागा दिली नाही, ऐकायला शांतता दिली नाही, समोर फक्त कटआउट उभं केलं, तर माणूस फोटोच काढणार.

म्हणून माझं मागणं आपल्याच दोन तालुक्यांकडे आहे. कर्जतला किंवा खोपोलीला सार्वजनिक वाचनालयाची एक खोली रविवारी मोकळी मिळावी. सतरंजी, चांगल्या प्रतीचे दोन स्पीकर आणि मिरजेचा एक तंबोरा, तोही काचेबाहेर. भजनी मंडळांतल्या मुलांनी तो आळीपाळीने लावावा, चुकवावा, पुन्हा लावावा. माणसं खोलीत मावतील तेवढीच घ्यावी, बाकीच्यांना पुढच्या रविवारची वेळ द्यावी. सुरुवात आषाढीच्या आधी करावी. संतवाणी ऐकायला दिंडीतली माणसं येतीलच. त्याच बैठकीत त्यांना शुद्ध कल्याणचा विलंबित ख्यालही ऐकवावा, पहिल्या षड्जापासून शेवटापर्यंत, मध्ये कुणाचंही भाषण न घालता.