मुलांना सोबत घेऊन वाईन चाखायला जाताय? आधी हे वाचा

गेल्या महिन्यात एक ओळखीचे गृहस्थ बीपी तपासायला आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तपासणी झाल्यावर त्यांनी हौसेने मोबाईल पुढे केला. नाशिकजवळच्या द्राक्षमळ्यातले फोटो होते. हिरव्या रांगा, मागे धरणाचं पाणी, लाकडी टेबल. एका फोटोत त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाच्या हातात उंच दांड्याचा ग्लास, तळाशी लाल वाईन. "फोटोपुरता दिला होता सर. दोन-तीन घोट घेतले त्याने. द्राक्षाचाच रस की शेवटी!"

मी तेव्हा काही बोललो नाही, कारण बाहेर तीस पेशंट बसले होते. आज बोलतो.

आधी "द्राक्षाचा रस" हा शब्द बाजूला ठेवू. रसातली साखर यीस्टने खाल्ली की अल्कोहोल तयार होतं, आणि तेच वाईनमध्ये असतं. देशी, विदेशी, मोहाची, ताडी, बिअर, या सगळ्यांत रेणू एकच, इथेनॉल. यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. वाईनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे १५० मिलीच्या एका ग्लासात सुमारे १४ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असतं. म्हणजे वाईनचा एक ग्लास घेणारा जवळजवळ दीड पेग घेतो, फक्त त्याला तसं वाटत नाही. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नाही" असं मोठमोठी माणसं टीव्हीवर सांगत होती. तो निर्णय पुढे बारगळला, पण ते वाक्य घराघरात शिल्लक राहिलं.

आता त्या मुलाचं गणित करू. आपल्या भागातलं पाच वर्षांचं मूल साधारण १५ किलोचं असतं. दोन-तीन घोट म्हणजे ३० मिली, दोन मोठे चमचे धरा. त्यात जवळपास २.८ ग्रॅम अल्कोहोल. ते त्याच्या शरीरातल्या ९ लिटर पाण्यात मिसळलं की रक्तातलं प्रमाण १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा नेमकी हीच आहे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. फोटोपुरते दोन चमचे, आणि पाच वर्षांचं पोर कायद्याच्या रेषेवर!

पण नशा ही त्यातली छोटी गोष्ट आहे. मोठा धोका साखरेचा. जेवण होऊन बराच वेळ गेला की यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडतं. अल्कोहोल आलं की यकृत ते काम बाजूला ठेवतं. मोठ्या माणसाच्या यकृतात साठा बरा असतो, लहान मुलाच्या यकृतात फारच थोडा. म्हणून सकाळपासून गाडीत बसलेलं, धड न जेवलेलं मूल अल्कोहोलने एकदम सुस्त होऊ शकतं, घामाघूम होऊ शकतं, त्याला झटकासुद्धा येऊ शकतो. आई-बापाला वाटतं, दमून झोपलं.

"पण युरोपात मुलांना घरी थोडी थोडी देतात आणि ती पुढे प्रमाणात पितात," हे मला दोन शिक्षकांनी आणि एका डॉक्टरनेही ऐकवलंय. ज्या फ्रान्सचा दाखला देतात, त्या फ्रान्सने १९५६ मध्ये शाळेच्या जेवणात १४ वर्षांखालच्या मुलांना वाईन देणं बंद केलं. ऑस्ट्रेलियात १९०० हून अधिक किशोरवयीन मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा केला गेला. तो अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला. आई-वडिलांनी दिल्यामुळे मुलं वाचतात असा काही फायदा त्यात दिसला नाही. उलट अशा मुलांनी पुढे बाहेरून दारू मिळवण्याचं आणि एका बैठकीत जास्त पिण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. घरातला घोट म्हणजे लस नव्हे.

इथे माझीही एक चूक कबूल करतो. वीस वर्षांपूर्वी मीही पेशंटना सांगायचो की, रेड वाईन थोडी चालेल, हृदयाला बरी असते. १९९० च्या दशकात फ्रेंच लोकांच्या हृदयाचं ते कोडं फार गाजलं होतं आणि आम्ही डॉक्टरांनी ते डोळे झाकून गिळलं. पुढे लक्षात आलं की त्या तुलनांमधल्या 'न पिणाऱ्यां'त आजारपणामुळे दारू सोडलेले बरेच होते. त्यामुळे थोडी पिणारे आपोआप तंदुरुस्त दिसत होते. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेस्व्हेरॅट्रॉलचं कौतुक झालं, ते लिटरभर वाईनमध्ये काही मिलिग्रॅमच असतं. प्रयोगांत मात्र त्याचे शेकडो मिलिग्रॅमचे डोस वापरले गेले. दुसरीकडे, दारू हे कर्करोगाचं सिद्ध कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच नोंदवलं. तोंड, अन्ननलिका, यकृत, स्तन. तंबाखू सोबत असेल तर तोंडाचा धोका कितीतरी पटीने वाढतो, आणि तंबाखूबद्दल आपल्या तालुक्यात मी काय सांगावं?

मला जास्त राग कशाचा येतो, तेही सांगतो. खापरच्या बाजारात मोहाची पिऊन पडलेला माणूस दिसला की आपण नाक मुरडतो. "या लोकांच्या घरात लहान पोरंसुद्धा चाखतात," असं म्हणतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर मोहाची पहिली धार जमिनीवर, पूर्वजांना देतात. जन्म-मरणाच्या विधीत तिला जागा आहे. तरी तिथल्या मुलाला घोट देऊ नका, हे मी पाड्यावर बसून सांगतो आणि तिथल्या आया ऐकूनही घेतात. मग हातात उंच ग्लास आणि समोर चीजची बशी आली की आपल्यासाठी नियम कसा बदलतो? बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्यात मोहाची वेगळी आणि शिराझ वेगळी असं लिहिलेलं नाही.

आणि परतीचा रस्ता. टेस्टिंगमध्ये पाच प्रकार, प्रत्येकी ३० मिली धरले तरी झाली १५० मिली. ६० किलोच्या पुरुषाचं रक्त रिकाम्या पोटी ३० ची रेषा ओलांडतं. त्यावर जेवताना अजून एक ग्लास. मग साक्री-नंदुरबार मार्गे खापरपर्यंत पाच-सहा तासांचं ड्रायव्हिंग, आणि मागच्या सीटवर मुलं झोपलेली. मुलाला एक थेंब दिला नाही म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी चाखायचीही नाही. घरात कोणी गरोदर असेल तर तिनेही नाही, 'फक्त वास घेते' म्हणत एक घोटही नाही.

मळा बघायला माझी ना नाही. जानेवारी ते मार्चमध्ये जा, तोडणी चालू असते. खायची द्राक्षं आणि वाईनची द्राक्षं यांत फरक काय, बिया किती, साल किती जाड, हे मुलांना हातात देऊन दाखवा. द्राक्षं तुडवायला मिळाली तर पोरं खूश होतात. टेस्टिंगच्या काउंटरपाशी मात्र त्यांना नेऊ नका, आणि ग्लास हातात देऊन फोटो काढू नका. तो फोटो पुढे आठवीत तेच मूल तुम्हाला दाखवेल.

चुकून मुलाने घेतलीच, तर उलटी करवू नका. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या आणि लगेच जवळच्या दवाखान्यात न्या. सुस्ती, घाम, थंड पडलेले हात, उलट्या किंवा झटका दिसला तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवून आणा. रक्तातली साखर तपासायला मिनिटभर लागतं. किती प्यायलं आणि केव्हा, ते डॉक्टरांना खरं सांगा. मी तरी रागावणार नाही. माझं रागवायचं वर लिहून झालंय.